घरच्या अंजिराचें गुटी-कलम



ज्या घराच्या परसांत चांगल्या जातीच्या अंजिराचें एखादें झाड असतें, त्या घरीं फळांच्या दिवसांत लहान मुलांची आणि पाहुण्यांची वाण पडत नाहीं. अंजीर हें फळ असें कीं, तें झाडावर पूर्ण पिकलें म्हणजे त्याच दिवशीं खावें लागतें. दुसऱ्या दिवशीं तें लिबलिबीत होतें आणि तिसऱ्या दिवशीं आंबूं लागतें. यामुळें दूरच्या बाजारांत येणारें ताजें अंजीर बहुधा थोडें अगोदरच उतरविलेलें असतें, आणि एकदां उतरविल्यावर त्याची गोडी फारशी वाढत नाहीं. तेव्हां खरें अंजीर ज्याला खावयाचें असेल त्यानें तें घरींच लावावें, हा सरळ हिशेब आहे. पण लावावयाचें म्हणजे रोप हवें, आणि तें खात्रीचें हवें. शेजाऱ्याकडे किंवा आप्तांकडे उत्तम फळ देणारें झाड आहे, त्याच झाडाचें दुसरें झाड आपल्या दारीं कसें उभें करावें, हें आज मी आपणांस सांगणार आहें. या रीतीला गुटी-कलम म्हणतात. तिला लागणारीं साधनें म्हणजे एक धारदार चाकू, मूठभर ओलें शेवाळ, प्लॅस्टिकचा एक तुकडा, दोन हात सुतळी आणि दीड-दोन महिन्यांचा धीर. यांपैकीं पहिल्या चार वस्तु कोठेंही मिळतात. पांचवी मात्र ज्याची त्यालाच आणावी लागते.

मी कुरखेड्याचा रहिवासी. हा तालुका आज गडचिरोली जिल्ह्यांत मोडतो. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं तो जिल्हा चंद्रपुरांतून वेगळा निघाला, त्यापूर्वीं आम्ही चंद्रपूरवाले होतों. सभोंवार जंगल, गांवाजवळून वाहणारी सती नदी, धानाच्या बांध्या, मोह, तेंदू आणि साग असा हा मुलूख आहे. अशा ठिकाणीं अंजिराची गोष्ट काढली कीं लोक हंसून म्हणतात, "गुरुजी, अंजीर हें पुण्याकडचें फळ, आपल्याकडे मोह आणि चारोळी काय थोडी आहे?" त्यांचें म्हणणें अगदींच निराधार नाहीं. महाराष्ट्रांत अंजिराचें माहेर म्हणजे पुणें जिल्ह्यांतील पुरंदर तालुका. सासवड, दिवे, राजेवाडी या बाजूच्या अंजिरांचें नांव सर्वत्र झालेलें आहे, आणि २०१६ सालीं पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक चिन्हांकनही मिळालें. त्याच तालुक्यांत जाधववाडी येथें महात्मा फुले कृषि विद्यापीठाचें अंजीर व सीताफळ यांचें संशोधनकार्य चालतें. मराठवाड्यांत दौलताबादचें अंजीरही नांवाजलेलें आहे. या ठिकाणची हवा कोरडी, पाऊस बेताचा आणि जमीन पाण्याचा निचरा करणारी. आमच्याकडे पाऊस पुरंदरच्या दुपटीहून अधिक पडतो.

पुरंदरच्या बागाईतदारांना अंजिराचे दोन बहार ठाऊक आहेत. पावसाळ्यांत हातीं येणारा तो खट्टा बहार, आणि उन्हाळ्याच्या तोंडीं येणारा तो मीठा बहार. पावसानें अंजिराच्या चवीचें काय होतें, तें या पहिल्या नांवांतच आलें. म्हणून आमच्या बाजूला अंजिराची मोठी बाग करण्याच्या भरीस कोणी पडूं नये. परंतु परसांतील उंचवट्यावर एक-दोन झाडें ठेवून फाल्गुन-चैत्रांत त्यांचीं गोड फळें खाण्यास कांहींच प्रत्यवाय नाहीं. उलट मी असें म्हणेन कीं, जेथें एखादें झाड थोडक्यांत आहे, तेथेंच कलमाच्या विद्येची गरज अधिक. पुरंदरांत एक झाड वठलें तर शेजारीं शंभर उभीं असतात. कुरखेड्यासारख्या गांवांत किंवा शहरांतील एखाद्या आळींत असलेलें एकुलतें एक झाड गेलें, कीं त्याच्याबरोबर ती चवच त्या आळींतून जाते.

आतां प्रथम हें झाड मुळांत कसें आहे तें पाहूं, म्हणजे कलमच कां करावें लागतें तें कळेल. अंजीर हा शब्द फारशी आहे. पण झाडाचें गोत्र आपणांस परकें नाहीं. वड, पिंपळ, उंबर हे सारे त्याचे सगोत्र. क्वचित् दृष्टीस पडणाऱ्या माणसाला आपण उंबराचें फूल म्हणतों. वस्तुतः उंबराला फुलें असतात, आणि तीं शेंकड्यांनीं असतात. परंतु आपण ज्याला फळ म्हणतों त्याच्या पोटांत, आंतल्या भिंतीला चिकटून तीं लपलेलीं असतात. अंजिराचा प्रकार तोच. पिकलें अंजीर चिरलें असतां आंत जो दाणेदार लालसर गर दिसतो, तो या फुलांचाच मेळावा होय. या बंद कोठडीला देंठाच्या उलट टोंकाशीं एक सूक्ष्म दार असतें, आणि त्यांतून चिलटाहूनही बारीक अशी एक विशिष्ट माशी आंत शिरून परागण घडवून आणते.

अंजिराच्या कांहीं जातींना ही माशी मिळाल्यावांचून फळ पिकवितांच येत नाहीं. याचा अनुभव कॅलिफोर्नियाच्या बागाईतदारांनीं पुरेपूर घेतला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनीं तुर्कस्तानांतून स्मर्ना जातीचीं झाडें नेऊन लावलीं. झाडें वाढलीं, त्यांवर फळें धरलीं, आणि पिकण्यापूर्वींच तीं गळून पडलीं. बरींच वर्षें हा प्रकार चालला. शेवटीं १८९९ सालीं ती माशी तेथें नेऊन वसविण्यांत यश आलें, तेव्हां कोठें झाडांवर फळें पिकूं लागलीं. आपल्याकडील पुणेरी अंजीर या बाबतींत स्वावलंबी आहे. तें माशीची वाट न पाहतां पिकतें. परंतु या स्वावलंबनाची एक किंमत आहे. परागण न झाल्यामुळें त्याच्या पोटांतील बिया पोकळ असतात. त्या पेरून झाड होत नाहीं. बाजारांत मिळणाऱ्या सुक्या स्मर्ना अंजिरांतील बीं कदाचित् उगवेल. पण त्या रोपांपैकीं सुमारें निम्मीं नर-जातीचीं, म्हणजे खाण्यास निरुपयोगी निघतात, आणि उरलेल्यांचें फळ आईसारखें येईल असाही भरंवसा नाहीं. चार-पांच वर्षें पाणी घालून शेवटीं हातीं भोपळा येण्याचा हा मार्ग आहे.

अर्थात् अशा अंजिराचें झाड माणसाच्या हातूनच पुढें जातें. मनुष्यानें फांदी कापून लावली तर तें टिकलें, नाहीं तर संपलें. ही गोष्ट किती जुनी असावी? जॉर्डन नदीच्या खोऱ्यांत गिलगाल नांवाच्या स्थळीं उत्खननांत जळून कोळसा झालेलीं अंजिरें सांपडलीं, आणि तीं सुमारें ११,४०० वर्षांपूर्वींचीं असून माशीवांचून पिकणाऱ्या जातीचीं आहेत, असें संशोधकांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलें. त्यावरून त्यांनीं असा तर्क केला कीं, गहूं-जवाची शेती स्थिर होण्यापूर्वींच माणूस अंजिराच्या फांद्या लावूं लागला असावा. या तर्काबद्दल विद्वानांत मतभेद आहेत, आणि ते असूं द्यावे. परंतु तर्क खरा असेल, तर फांदीपासून झाड करण्याची ही कला धान्य पेरण्याच्या कलेहूनही वडील ठरेल.

फांदीपासून झाड करण्याच्या दोन रीती प्रचारांत आहेत. पहिली छाट-कलमाची. पक्व फांदीचा तीन-चार डोळ्यांचा, वीतभर लांबीचा तुकडा कापून तो मातींत खोंचावयाचा. अंजिराला ही रीत चांगली मानवते, आणि शेंकडों रोपें करावयाचीं असतील तर तीच सोयीची. परंतु तींत एक धोका आहे. तुकडा कापल्या क्षणापासून तो निराधार होतो. मुळें फुटेपर्यंत त्याला पाणी देणारें कोणी नसतें. छाटणी हिंवाळ्याच्या अखेरीस होते, आणि पुढें लगेच विदर्भाचा उन्हाळा उभा असतो. नवीन पालवी फुटून आपण आनंदित व्हावें, आणि मुळें धरण्यापूर्वींच गरम वाऱ्यानें ती करपून जावी, हें अनेकांनीं पाहिलेलें आहे. दुसरी रीत गुटी-कलमाची. तींत फांदी आईच्या अंगावर असतांनाच तिला मुळें फुटूं द्यावयाचीं आणि मग तिला वेगळी करावयाची. मूल चालूं लागल्यावरच त्याचें बोट सोडावें, तसा हा प्रकार आहे. ज्याला दोन-चारच झाडें हवीं आहेत, आणि तीं बुडूं द्यावयाचीं नाहींत, अशा गृहस्थाला हीच रीत योग्य. शिवाय असें रोप मुळांतच हात-दीड हात उंचीचें मिळत असल्यानें फळही लौकर धरतें.

ही रीत कोणत्या नियमानें चालते तें थोडक्यांत सांगतों. फांदींतून रसाच्या दोन वाटा जातात. आंतल्या काष्ठांतून मुळांनीं शोषलेलें पाणी वर चढतें. बाहेरच्या सालींतून पानांनीं तयार केलेलें अन्न खालीं उतरतें. फांदीभोंवतीं सालीचें एक वलय काढून टाकलें, तर वर जाणारी वाट चालू राहते आणि खालीं येणारी तुटते. वरच्या पानांना पाणी मिळत असल्यानें तीं टवटवीत राहतात. परंतु त्यांनीं केलेली साखर खालीं जाऊं शकत नाहीं, ती जखमेच्या वरच्या कांठाशीं येऊन अडते, आणि तेथें साल फुगते. सतराव्या शतकांत इटलींतील मालपीगी या शास्त्रज्ञानें ही फुगवटी पाहून ठेविली होती. साखरेबरोबरच शेंड्याकडून खालीं येणारें एक वाढीचें द्रव्यही तेथें साचतें. ऑक्सिन या नांवानें तें आज ओळखलें जातें. १९२० ते १९४० या काळांत शास्त्रज्ञांनीं त्याचा छडा लावला, आणि मुळें फुटण्यास तेंच प्रेरणा देतें हेंही दाखवून दिलें. अन्न आहे, प्रेरणा आहे. आतां त्या जागीं अंधार, ओलावा आणि हवा या तीन गोष्टी पुरविल्या कीं सालीच्या कांठांतून मुळें बाहेर पडतात. वडाच्या पारंब्या आपण नित्य पाहतों. जें काम वड आपण होऊन करतो, तेंच त्याच्या या धाकट्या भावाकडून आपण युक्तीनें करवून घेतों.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. जें वलय फांदीला नवें जीवन देतें, तेंच बुंध्यावर काढलें तर झाडाचा प्राण घेतें; कारण मग सर्वच मुळांचें अन्न तुटतें. ब्रह्मदेशांत सागाचीं झाडें तोडण्यापूर्वीं बुंध्याभोंवतीं खोल वलय कापून तीं उभ्या उभ्या वाळूं देत. ओला साग पाण्यांत बुडतो, वाळलेला तरंगतो, आणि ओंडके तर नदींतून वाहून न्यावयाचे असत. आम्हां जंगलांत राहणाऱ्यांना वलयाची ही मारक बाजू ठाऊक असते. शहरांतील उत्साही मंडळींनीं ती ध्यानांत ठेवावी. बुंध्याला व मुख्य फांद्यांना चाकू लावूं नये, आणि एका झाडावर एका वेळीं चार-सहांपेक्षां अधिक गुट्या बांधूं नयेत.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. पहिली निवड झाडाची. ज्याचें फळ आपण स्वतः दोन हंगाम तरी खाल्लें आहे, असेंच झाड घ्यावें. गुटीपासून होणारें झाड हें मूळ झाडाचें अपत्य नसून तेंच झाड असतें. म्हणून गुणांबरोबर दोषही जसेच्या तसे येतात. पानांवर पिंवळट चट्ट्यांची नक्षी दिसत असेल, पानें वेडींवांकडीं होत असतील, तर तो विषाणूचा रोग असण्याचा संभव असतो, आणि तो कलमांतून पुढें जातो. तसलें झाड वर्ज्य करावें.

दुसरी निवड फांदीची. गेल्या वर्षीं वाढलेली, सरळ, निरोगी, शिसपेन्सिलीहून थोडी जाड आणि आंगठ्याहून थोडी बारीक अशी फांदी घ्यावी. अगदीं कोंवळी हिरवी फांदी कुजते, आणि जुनी राखाडी फांदी मुळें फोडण्यास आळस करते. फांदीला ऊन मिळत असावें. सावलींतील फांदीजवळ देण्यासारखें अन्नच नसतें.

तिसरी गोष्ट वेळेची. मृगाचा पाऊस पडून गेला, आर्द्रा लागून झाडानें नवी पालवी धरली, कीं गुटीचे दिवस आले असें समजावें. आमच्याकडे पुनर्वसु आणि पुष्य हीं दोन नक्षत्रें, म्हणजे ५-६ जुलैपासून ऑगस्टच्या आरंभापर्यंतचा काळ, सर्वांत चांगला. या दिवसांत हवेंत ओलावा असतो, झाडांत रस वाहत असतो, आणि साल काष्ठापासून सहज सुटते. पावसाच्या उघडिपींतील एखादी सकाळ या कामाला निवडावी.

आतां चाकू घ्या. तो उकळत्या पाण्यानें धुऊन पुसलेला असावा. फांदीच्या शेंड्यापासून सुमारें हातभर खालीं, दोन डोळ्यांच्या मधल्या भागांत जागा ठरवा आणि तेथील पानें काढून टाका. फांदीभोंवतीं चाकू फिरवून एक गोल छेद घ्या. त्याच्या खालीं इंचभर अंतरावर दुसरा छेद घ्या. दोन्ही छेदांना जोडणारी एक उभी चीर पाडा, आणि मधली साल सोलून काढा. छेद फक्त सालीपुरता असावा. काष्ठांत चाकू रुतला तर फांदी वाऱ्यानें मोडते. साल निघाल्यावर खालीं पांढरें काष्ठ दिसतें, आणि त्यावर एक बुळबुळीत थर असतो. हा थर चाकूच्या पाठीनें हलक्या हातानें खरवडून काढावा. नवशिक्यांच्या गुट्या फुकट जातात त्या बहुतेक येथें. कारण तो थर राहिला तर त्यांतून पुन्हां साल तयार होऊन खालचा-वरचा कांठ जुळतो, तुटलेली वाट पूर्ववत् सुरू होते, आणि फांदीला मुळें फोडण्याचें कारणच उरत नाहीं.

साल काढतांच अंजिराचा पांढरा चीक वाहूं लागतो. हा चीक निरुपद्रवी नव्हे. तो कातडीला लागून वर ऊन पडलें तर भाजल्यासारखे फोड येतात, आणि डोळ्यांत गेला तर फारच त्रास होतो. म्हणून हातांत रबरी मोजे असावेत, मुलांना दूर ठेवावें, आणि काम संपतांच हात साबणानें धुवावेत. चीक ओल्या फडक्यानें टिपून घ्यावा आणि तो वाहावयाचा थांबल्यावर पुढचें काम करावें. मुळें फोडणाऱ्या संजीवकाची भुकटी बाजारांत मिळते. ती वरच्या कांठाला चिमूटभर लावली तर मुळें लौकर व अधिक येतात. परंतु अंजीर हें मुळांत उदार झाड आहे. भुकटी न मिळाली तरी काम अडत नाहीं.

गुंडाळण्यासाठीं शेवाळ उत्तम. तें रोपवाटिकेंत मिळतें. न मिळाल्यास नारळाच्या काथ्याचा भुसा घ्यावा, किंवा चांगलें कुजलेलें शेणखत आणि झाडाखालची पानकुजीची माती समभाग मिसळावी. जें घ्याल तें पाण्यांत भिजवून मुठींत घट्ट पिळावें. पिळल्यावर थेंब गळूं नये, आणि मूठ उघडल्यावर गोळा मोडूं नये, ही त्याची परीक्षा. फार ओलें राहिलें तर हवा कोंडून साल कुजते. असा मोठ्या लिंबाहून थोडा मोठा गोळा वलयावर, विशेषतः त्याच्या वरच्या कांठावर, चारी बाजूंनीं दाबून बसवावा. मुळें वरच्या कांठांतूनच येणार असल्यानें तो कांठ गोळ्याच्या मध्यभागीं असावा.

प्लॅस्टिक येण्यापूर्वीं हा गोळा गोणपाटांत बांधीत, आणि त्याच्या वर एक लहान मडकें टांगून त्याच्या तळाशीं पाडलेल्या भोंकांतून चिंधीच्या वातीनें थेंब थेंब पाणी देत. आज हें सारें कष्ट प्लॅस्टिकच्या कागदानें वांचविले आहेत. तो ओलावा आंत धरून ठेवतो. नवा कागद विकत आणावयाची गरज नाहीं. दुधाची रिकामी पिशवी धुऊन, कापून, उलगडली तरी चालते. पारदर्शक कागद मिळाला तर मुळें बाहेरूनच दिसतात, हा मोठा लाभ. कागद गोळ्याभोंवतीं दोन वेढे घेऊन घट्ट गुंडाळावा, त्याची कड खालच्या बाजूला यावी, आणि दोन्ही टोंकें सुतळीनें आवळून बांधावींत. वरचें टोंक विशेष घट्ट हवें. नाहीं तर पावसाचें पाणी फांदीवरून ओघळत आंत शिरतें. गुटीवर थेट ऊन येत असेल तर वरून जुन्या कापडाची एक पट्टी गुंडाळावी. शेवटीं फांदीला एक काडी बांधून आधार द्यावा. वलयाच्या जागीं ती आतां अर्धी दुबळी झालेली असते.

यानंतरचें काम लक्ष ठेवण्याचें. आठवड्यांतून एकदां गुटी पाहावी. मुंग्या आंत शिरतात, खारी आणि पक्षी कागद टोंचतात, आमच्याकडे वानरें तर गांठोडीं सोडूनच पाहतात. कागद फाटला असेल तर दुसरा बांधावा. गोळा कोरडा वाटला तर वरची गांठ सैल करून चमचाभर पाणी घालावें. तीन ते चार आठवड्यांत पहिलीं पांढरीं मुळें दिसूं लागतात. तीं दिसतांच फांदी कापण्याचा मोह होतो, तो आवरावा. पांढरीं मुळें ठिसूळ असतात. तीं पुष्कळ होऊन एकमेकांत गुंतलीं आणि त्यांचा रंग किंचित् तांबूस झाला, म्हणजे गुटी तयार झाली. याला सहा ते आठ आठवडे लागतात. तेव्हां गोळ्याच्या खालीं फांदीला अर्ध्यापर्यंत खांच घ्यावी; आठ दिवसांनीं पानें मलूल झालीं नाहींत असें पाहून ती पूर्ण कापावी. हा आठ दिवसांचा टप्पा म्हणजे बाळाचें दूध हळूहळू तोडणें होय.

वेळेचें महत्त्व किती, याविषयीं आमच्याच गांवांतील एक हकीकत सांगतों. दोघां भावांच्या घराची वाटणी झाली. अंगणांतून भिंत घालावयाची ठरली, आणि आंखणी नेमकी त्यांच्या आईनें लावलेल्या अंजिरावरून गेली. आई हयात नव्हती. झाड जुनें, पण ऐन भरांतलें. भिंत इकडे सरकवावी तर धाकट्याची जागा जाते, तिकडे सरकवावी तर थोरल्याची. आणि दोघांचें बोलणें केव्हांच बंद झालेलें. दोघेही माझे जुने विद्यार्थी. ही गोष्ट जुलैच्या पहिल्या आठवड्यांत माझ्या कानीं आली, आणि गवंडी दसऱ्यानंतर लागणार होते. म्हणजे हातीं सुमारें तीन महिने होते. मीं दोघांना निरनिराळें भेटून एवढेंच मागितलें कीं, झाडावर सहा गुट्या बांधूं द्याव्या. त्याला कोणी नाहीं म्हटलें नाहीं. एक गुटी वादळांत मोडली, एक वानरांनीं नेली, चार लागल्या. सप्टेंबरांत त्या उतरविल्या, आणि दोन या घरीं व दोन त्या घरीं दिल्या. दसऱ्यानंतर झाड तुटलें आणि भिंत उभी राहिली. भावांचें बोलणें त्यामुळें सुरू झालें असें मी सांगणार नाहीं. तें झालेलें नाहीं. परंतु भिंतीच्या दोन्ही अंगांस आज त्यांच्या आईचेंच झाड उभें आहे. तिच्या झाडासारखें दुसरें नव्हे, तर तेंच.

हीच बातमी कार्तिकांत कळली असती तर फार थोडें करतां आलें असतें. थंडींत अंजीर पानें गाळून निजतें. त्या वेळीं बांधलेली गुटी महिनोन् महिने तशीच राहते. म्हणून माझें सांगणें आहे कीं, कुऱ्हाडीची वाट पाहूं नये. घराची दुरुस्ती, रस्त्याची रुंदी, विहिरीचा उपसा, खोडकिडा, वादळ, यांपैकीं कोणतें संकट केव्हां येईल तें झाडाला विचारून येत नाहीं.

आतां उतरविलेल्या रोपाची व्यवस्था. कागद काढावा, पण गोळा मोडूं नये. अर्धीं पानें काढून टाकावींत, धरलेलीं लहान फळेंही खुडावींत. नव्या मुळांना एवढा संसार झेपत नाहीं. वीतभर रुंदीच्या कुंडींत माती, कुजलेलें खत आणि वाळू समभाग भरून त्यांत गोळा पूर्ण झांकेल असें रोप बसवावें, काडीचा आधार द्यावा, आणि दोन-तीन आठवडे सावलींत ठेवावें. मग हळूहळू सकाळचें ऊन दाखवावें. कुंडीच्या मातींत पाणी सांचूं देऊं नये. माती घेतांना ज्या वाफ्यांत वांगीं किंवा टोमॅटो पिकले होते तेथील घेऊं नये. तींत मुळांवर गांठी आणणारे सूत्रकृमि असतात, आणि अंजिराचीं मुळें त्यांना फार आवडतात.

कुंडींतील रोप पुढच्या पावसाळ्याच्या आरंभीं जमिनींत लावावें. आमच्याकडे धानाच्या बांधीला जी जमीन उत्तम, ती अंजिराला अगदीं अयोग्य. दोन फूट लांब-रुंद व तितकाच खोल खड्डा मुरूम, माती आणि शेणखत यांनीं भरून त्यावर हातभर उंचीचा ओटा करावा आणि रोप त्या ओट्यावर लावावें, म्हणजे श्रावणांतील झड लागली तरी मुळांशीं पाणी राहत नाहीं. भिंतीपासून अंतर दहा फूट तरी असावें. वडाचें गोत्र आहे हें विसरूं नये. पावसाळ्यांत पानांच्या मागें तपकिरी पूड दिसूं लागली तर तो तांबेरा समजावा. गळलेलीं पानें गोळा करून जाळावींत, आणि जरूर तर १ टक्का बोर्डो मिश्रण फवारावें. पाऊस संपतांच, ऑक्टोबरच्या सुमारास, हलकी छाटणी करून खत-पाणी द्यावें, म्हणजे मीठा बहार धरतो. गुटीचें झाड दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीं फळ दाखवूं लागतें. ज्यांच्या घराला परस नाहीं, फक्त गच्ची आहे, त्यांनीं मोठ्या पिंपांत लावावें. फळें थोडीं येतील, पण येतील.

शेवटीं एक व्यवहाराची गोष्ट. दोन गुट्या केल्या तर एक आपण ठेवावी आणि एक दुसऱ्याला द्यावी. शक्य तर दुसऱ्या गांवच्या आप्ताला द्यावी. यांत औदार्य आहे तसा हिशेबही आहे. आपलें झाड उद्यां गेलें, तर तेंच झाड त्याच्या दारीं उभें असेल, आणि पुनर्वसु नक्षत्रावर चाकू व मूठभर शेवाळ घेऊन आपण त्याच्याकडे जाऊं शकूं. या अंजिराचें बीं पोकळ आहे. एका दारावरून दुसऱ्या दारीं जाण्यास त्याला माणसाचा हातच लागतो. यंदाचा पाऊस लागला कीं आपणांपैकीं कांहींजण तो हात त्याला देतील, अशी आशा करून मी आपली रजा घेतों.